लहान चुंबकाचं काम

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप; मैत्रिणींना तीन टेस्लाची मशीन्स मिळाली आणि झेनॉन वायूने फुफ्फुसांची चित्रं काढायला तुला कमी ताकदीचा चुंबक, म्हणून काल फोनवर तुझा आवाज पडला होता. माझी सगळी नोकरी एमआरआयच्या खोलीत गेली, म्हणून सांगतो.

आमच्या छातीच्या एमआरआयमध्ये फुफ्फुसांच्या जागी काळोख असायचा. सिग्नल येतो पाण्यातल्या हायड्रोजनकडून आणि तिथे बहुतेक हवाच. त्यातही दीड टेस्लाला हायड्रोजनच्या दर दहा लाख केंद्रकांत (प्रोटॉनांत) जेमतेम पाचांचाच उपयोग होतो. बाकीचे उलटसुलट दिशांना असतात आणि एकमेकांना खोडून टाकतात. म्हणून हे पाच वाढवायला मोठा चुंबक लागतो.

तुझ्या झेनॉनची गोष्ट वेगळी. लेसरचा ७९५ नॅनोमीटरचा प्रकाश रुबिडियमच्या वाफेत शिरतो, तिचे इलेक्ट्रॉन एका दिशेला वळतात आणि टकरी होता होता ती दिशा झेनॉनच्या केंद्रकांना मिळते. माणसाने तो वायू श्वासात घेण्याआधीच हे काम उरकलेलं असतं. मग चुंबक लहान असून काय बिघडलं? उलट हवा आणि ऊतींच्या सीमेवर क्षेत्राची जी ओढाताण होते, तीही कमी होते.

हार्वर्डमधल्या गटाने असाच तयार केलेला हेलियम-३ वायू वापरून अवघ्या ६.५ मिलिटेस्लावर (मिलिटेस्ला म्हणजे टेस्लाचा हजारावा भाग) माणसाची फुफ्फुसं पाहिली, आडवं झोपवून आणि ताठ बसवूनही. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. दम्याने तिला आडवं होववतच नसे, पाठीला उशा लावून ती रात्र काढायची. असे कितीतरी पेशंट आमच्या टेबलावर दोन मिनिटंही टिकायचे नाहीत. श्वास ज्या स्थितीत घेतात त्याच स्थितीत त्यांची फुफ्फुसं दिसावीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचणीही आहेत. रक्तात विरघळलेल्या झेनॉनचा सिग्नल इतक्या कमी क्षेत्रात वेगळा काढणं कठीण, त्यामुळे रक्तापर्यंत काय पोहोचलं हे बघायला मोठी मशीन्सच बरी. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये झेनॉन-१२९ ला (तुझ्याच झेनॉनच्या एका प्रकाराला) मंजुरी मिळाली, तीही फुफ्फुसात हवा कुठे पोहोचते हे पाहण्यासाठीच. शिवाय केंद्रकांना मिळालेली ती दिशा, म्हणजे ध्रुवीकरण, एकदा खर्चलं की परत येत नाही, टँकरच्या पाण्यासारखं पुरवून वापरावं लागतं. चित्रासाठी सोडलेली प्रत्येक रेडिओ पल्स थोडं खाते आणि फुफ्फुसातला ऑक्सिजनही ते भराभर कमी करत जातो.

आणखी एक. इतक्या कमी फ्रिक्वेन्सीवर गोंगाट पेशंटपेक्षा कॉइलचाच, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचाच, जास्त असतो. तेव्हा आधी कॉइलकडे बघ. तार कोणती घेतलीस, वेढे किती दिलेस, ते रविवारी फोनवर सांग.

तुझा,
बाबा