गरम हवेच्या इंजिनाविषयी मित्रास पत्र

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. बॉयलरवाचून, नुसत्या गरम हवेवर चालणारे इंजिन जर दोनशे वर्षांपूर्वीच तयार झाले होते, तर ते मागे का पडले, असे तू विचारले आहेस. माझ्या मते, त्या इंजिनाची आच सोसेल असे लोखंड त्या काळी मिळत नव्हते, हेच त्याचे मुख्य कारण आहे.

जॉर्ज केली या इंग्रज संशोधकांनी १८०७ मध्येच अशा इंजिनाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. परंतु खरी झेप घेतली ती रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने, १८१६ मध्ये, म्हणजे किल्मार्नॉकच्या चर्चमध्ये रुजू झाले त्याच वर्षी. बॉयलरच्या स्फोटांत होरपळणारे मजूर पाहून कळवळल्यामुळे त्यांनी हे इंजिन शोधले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. ते मला फारसे पटत नाही, कारण त्यांच्या पेटंटचे शीर्षकच इंधनाचा खप कमी करण्याविषयी आहे.

त्यांची रचना अशी, की बंद नळकांड्याचे एक टोक विस्तवावर आणि दुसरे थंड ठेवायचे. आत सैल बसणारा एक दट्ट्या हवेला केवळ या टोकाकडून त्या टोकाकडे ढकलत राहतो. तापल्यावर हवेचा दाब वाढतो, निवल्यावर उतरतो, आणि या चढउतारावर दुसरा, घट्ट बसणारा दट्ट्या काम करतो. खरी करामत मात्र मधल्या वाटेवर आहे. गरम हवा थंड टोकाकडे जाताना बारीक तारांच्या वेटोळ्यांना घासून जाते, आपली बरीचशी उष्णता त्या तारांपाशी ठेवते आणि परतताना तीच उचलून नेते, त्यामुळे विस्तवाला दर फेरीत सगळी उष्णता नव्याने पुरवावी लागत नाही. फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नो यांचा उष्णता-इंजिनांवरील प्रसिद्ध प्रबंध १८२४ चा आहे, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राचा पाया घातला जाण्यापूर्वीच हे या पाद्र्याला सुचले होते!

१८१८ मध्ये असे एक इंजिन एअरशायरमधील दगडखाणीतले पाणी उपसू लागले आणि तळ जास्त तापून निकामी होईपर्यंत चालले. पुढे रॉबर्ट यांचे धाकटे बंधू जेम्स, जे पेशाने इंजिनिअर होते, यांनी दाबाखालची हवा वापरून ताकद वाढवली आणि १८४३ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या फाउंड्रीतले वाफेचे इंजिन हवेवर चालवून दाखवले. इंधन वाचले, कामही चोख झाले. पण विस्तवावरचा बिडाचा तळ सतत लालबुंद राहून पुन्हा पुन्हा फुटला आणि १८४७ मध्ये मालकांनी परत वाफेचा आश्रय घेतला. वाफेच्या बॉयलरमध्ये पत्र्याच्या आत पाणी असते आणि ते पत्र्याला फार तापू देत नाही. येथे पत्रा उघडाच जळतो. म्हातारपणी, १८७६ मध्ये, रॉबर्ट यांनी लिहिले, की बेसेमर यांचे लोखंड आपल्या वेळी असते, तर हे इंजिन यशस्वी झाले असते. लोखंडातून स्वस्तात पोलाद करण्याची बेसेमरची पद्धत आली १८५६ मध्ये.

मूळचे स्वीडनचे जॉन एरिक्सन यांनी मात्र दाब न वाढवता आकार वाढवला. १८५३ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे स्वतःचेच नाव दिलेले जहाज चाचणीला निघाले, तेव्हा त्यातल्या चार मुख्य सिलिंडरांचा व्यास प्रत्येकी १४ फूट होता! एवढे करूनही वेग बेताचाच मिळाला. पुढच्या वर्षी वादळी वाऱ्यात ते बुडाले आणि वर काढल्यावर त्यात वाफेची इंजिने बसवावी लागली. तरीही एरिक्सन यांनी नाद सोडला नाही. घरगुती पाणी उपसण्यासारख्या कामांसाठी त्यांनी केलेली लहान इंजिने पुढे हजारोंनी खपली. लहान यंत्र मंद आचेवर भागते, म्हणून त्याचा तळ टिकतो.

तू भट्टीच्या खात्यात इतकी वर्षे काढली आहेस. लाल झालेले बीड वारंवार तापून-निवून नेमके कोठून तडकते, हे तू पाहिले असशील. ते सविस्तर लिही, म्हणजे डंडीचा तळ कसा गेला असेल याचा अंदाज मला बांधता येईल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव