घड्याळावरून निकाल ओळखता येत नाही

महोदय,
परदेशातल्या एखाद्या गाजलेल्या खटल्यात ज्युरी (दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) दोन दिवस चर्चेच्या खोलीतून बाहेर आली नाही, की ठाणे न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवरही ‘सुटणार बघा’ अशी पैज लागते. हा अंदाज मला घातक वाटतो. १९९५ मध्ये अमेरिकेत, खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सन या माजी फुटबॉलपटूला ज्युरीने, खटला कित्येक महिने चालूनही, ४ तासांच्या आत निर्दोष ठरवले. २०२१ मध्ये तिथेच जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येप्रकरणी पोलीस अधिकारी डेरेक शॉविन साधारण १० तासांच्या चर्चेनंतर तिन्ही आरोपांत दोषी ठरला. झटपट निकाल कुठल्याही बाजूने लागू शकतो. उशिराची कारणे बहुधा रुक्ष असतात: आरोप अनेक, प्रत्येकावर वेगळे मत, एखादी साक्ष पुन्हा तपासणे. बारांपैकी एकाला शंका असेल, तर उरलेल्या अकरांनी ती ऐकून घ्यायलाच हवी. तिथे एकमताची अट असते ती त्यासाठीच.

आपल्याकडे पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यातला ज्युरीचा ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल उच्च न्यायालयात टिकला नाही. आता ज्युरी नाही, पण ‘निकाल राखून ठेवला’ म्हटले की वाहिन्यांवर तोच तर्क सुरू होतो. आरोपीच्या आणि पीडिताच्या घरची माणसेही तो ऐकत असतात. आपल्या दैनिकाने तरी असे अंदाज छापू नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे