पेढे वाटून झाले, आता तुला लिहिते

सुमे,

वर्षभर पत्र नाही म्हणून शिव्या घाल, पण आधी हे वाच. तब्येती ठीक. ह्यांचा गुडघा होता तसाच.

परवा घरी पेढे वाटले. माझ्या बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही म्हणून. सासूबाईंनी नारळही फोडला. पेढा मीही खाल्ला, चांगला होता. पण रिपोर्टात तेवढंच लिहिलेलं नाही, आणि ते ह्या घरात सांगायचं कुणाला?

गाठबीठ काही नव्हती. पन्नाशी उलटली, त्यात काकूंचं तुला माहीतच आहे, म्हणून मॅमोग्राफी केली. डावीकडे कॅल्शियमचे ठिपके, रव्याचे कण सांडावेत तसे, एकाच जागी. रिपोर्टात बायराड्स ४, म्हणजे संशयास्पद, तुकडा काढून तपासा. हाताला लागत नाहीत, सोनोग्राफीत दिसले नाहीत, म्हणून मॅमोग्राफीच्या मशिनमध्येच दाबून धरून सुई घातली. भूल होती, तरी टक्कन आवाज झाला की दचकायचे. काढलेल्या तुकड्यांचाही लगेच एक्स-रे काढतात, ठिपके त्यात आलेत का बघायला. आले होते.

निदान: अ‍ॅटिपिकल डक्टल हायपरप्लेशिया. साधा फायब्रोअडिनोमा, म्हणजे निरुपद्रवी गाठ असती तर पेढे मीच आणले असते. हे धड इकडचं ना तिकडचं. दूधनळीच्या आत पेशी वाढल्यात, दिसायला डीसीआयएससारख्याच (म्हणजे नळीतच अडकलेला, बाहेर न पसरलेला कॅन्सर), पण २ मिलिमीटरच्या आत. त्याहून जास्त भरल्या असत्या तर नाव बदललं असतं, आणि नावाबरोबर उपचारही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "डॉक्टर बिनाइन म्हणाले ना? मग झालं!"

तुला आठवतं, कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवरून आपण आठवडाभर बोलत नव्हतो? पेशी विभागण्याची पायरी कुठली, तर मी मेटाफेज म्हणत होते, तू अ‍ॅनाफेज. सर म्हणाले, दोघी चष्मे बदला. (बरोबर मीच होते, आजही सांगते.) तर ऐक. २०१५ साली अमेरिकेत ११५ पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या स्लाइड वाचायला देऊन तज्ज्ञांच्या निकालाशी ताडून पाहिल्या. पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये ९६ टक्के जुळलं. अ‍ॅटिपियात, म्हणजे माझ्यासारख्या निदानात, ४८! म्हणजे माझ्या छातीवरून आपल्यासारख्याच दोघी कुठेतरी भांडत बसल्या असतील.

सर्जन म्हणतात, तेवढा भाग काढूनच टाकू, कारण सुईला जेमतेम तुकडे मिळतात आणि शेजारीच कधीकधी कॅन्सर सापडतो. चाचपून कळत नाही म्हणून आधी तार घालून जागेची खूण करणार. आणि पुढे म्हणे धोका साधारण चौपट. कशाच्या चौपट, ते विचारायचं धैर्य झालं नाही. सासूबाईंना 'छोटीशी सफाई' असं सांगितलंय, त्या निर्धास्त आहेत. मला मात्र रात्री तीनला जाग येते आणि ते २ मिलिमीटर डोळ्यांपुढे येतात. पट्टी काढून मोजूनही पाहिले, वेडीच मी!

मिहिरचं ठरलं म्हणे? मुलगी कशी आहे, सविस्तर लिही. व्हीआरएसचं काय झालं?

ऑपरेशनआधी दुसरं मत हवंय. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून सोडवून घेतलेत, सोमवारी परळला टाटात घेऊन येतेय. ठाण्याहून तुला फार लांब नाही. हे येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. तू ये. फोन करू नकोस, घरात सगळे कान लावून असतात, मेसेज टाक. आणि तुझी स्वतःची मॅमोग्राफी झाली का? 'बघू' असं उत्तर चालणार नाही.

तुझी,
नंदी