मोजणीच्या दिवशी पंचही बांधावर हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बांधाच्या वादातून डोकी फुटल्याची बातमी आपल्या जिल्हा पानावर दर पंधरवड्याला असते. चार ओळींची. कोणी कुऱ्हाड उचलली, कोण दवाखान्यात आहे, गुन्हा कुठे नोंदवला, संपलं. त्या चार ओळींच्या आधीची आठ-दहा वर्षं मात्र कुठे छापून येत नाहीत. ती मी काढली आहेत, म्हणून हे पत्र.

मी ६६ वर्षांची आहे, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. मिस्टर २०११ साली गेले. त्यांच्यामागे एक हेक्टर चार आर जमीन माझ्या आणि मुलाच्या नावावर लागली. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर, त्यामुळे शेत माझ्याच अंगावर. पश्चिमेच्या बांधाला लागून मिस्टरांच्या चुलत भावाचं, म्हणजे माझ्या भाऊजींचं, रान आहे. बांध चारशे फूट लांब. पूर्वी त्यावरून बैल सहज वळायचा, एवढा रुंद होता. नंतर ट्रॅक्टर आला आणि दर नांगरटीला बांध कोरला जाऊ लागला. एका वेळी अर्धा फूट. अर्ध्या फुटासाठी भावकीत कोण तोंड वाईट करून घेणार? पण चारशे फुटांच्या बांधाला चार फूट गेले की सोळाशे चौरस फूट होतात, आणि १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. म्हणजे दीड गुंठा गेला, तोही कोणी एका दिवशी नेला नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात बांध एवढा बारीक झाला की त्यावर पाऊल आडवं ठेवावं लागे. तेव्हा मी पहिल्यांदा आवाज चढवला.

पोलीस ठाण्यात गेले. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली आणि सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. तलाठ्यांकडे गेले. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात तलाठीच बसलंय.) ते म्हणाले, सातबाऱ्यावर क्षेत्र बरोबर आहे, जागेवर कमी असेल तर मोजणी आणा. खरं होतं ते. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द दाखवत नाही. हा फरक माझ्यासारख्या चार बुकं शिकलेल्या बाईलाही तोवर कळला नव्हता.

मोजणीला पैसे भरण्याआधी गावातल्या गावात मिटावं म्हणून तंटामुक्त समितीकडे अर्ज दिला. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हा आर. आर. आबा गृहमंत्री होते. पहिली काही वर्षं आमच्याही गावात समितीचा उत्साह मोठा होता. कमानीवरचा फलक अजून आहे, अक्षरं गेली आहेत. समिती मारुतीच्या देवळात बसली. सतरंजी, चहा, बारा-तेरा पुरुष आणि मी. नकाशा कोणाकडे नव्हता. कोणी मागितलाही नाही. भाऊजी म्हणाले, बांध वाडवडलांपासून आहे तिथंच आहे. मी म्हणाले, नाही. दोन तास झाल्यावर अध्यक्षांनी निवाडा दिला: दोघांनी दोन-दोन फूट सोडा आणि मधे बांध घाला.

आता बघा, चार फूट माझे गेलेले. त्यातले दोन सोडायचे म्हणजे मी दोन फुटांवर पाणी सोडायचं आणि त्याला तडजोड म्हणायचं. एक वयस्कर पंच तर उठता उठता म्हणाले, ‘वैनी, तुम्हाला एवढी जमीन करायची तरी काय?’ माझ्या जागी माझे मिस्टर बसले असते तर हा प्रश्न त्यांना कोणी विचारला असता का? तरीही मी सही केली, कारण सगळे उठायच्या बेतात होते. तो बांध दोन पेरण्या टिकला.

म्हणून मिटवामिटवीचं कौतुक मी डोळे झाकून करत नाही. नकाशाशिवाय तडजोड झाली की ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे बांध सरकतो.

मग मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला, चलन भरलं, लगतधारकांची, म्हणजे शेजारच्या शेतवाल्यांची, नावं दिली. पहिल्या तारखेला मोजणीदार आलेच नाहीत. दुसऱ्या तारखेला भाऊजींनी नोटीस घेतली नव्हती. तिसऱ्या वेळी, २०१५ च्या फेब्रुवारीत, काम झालं. मोजणीदार मुलगा चांगला होता, उन्हात पाच तास उभा राहिला. संध्याकाळी त्याने चुन्याच्या खुणा केल्या, खुंट्या ठोकल्या. आणि तेव्हा जे दिसलं, त्यानं आम्हा दोघांचीही बोलती बंद झाली.

पश्चिमेला माझे चार फूट भाऊजींकडे निघाले, हे मी म्हणत होतेच. पण वरच्या उत्तर टोकाला, जिथं बांध पूर्वीपासून वाकडा होता, तिथं रेघ उलटी गेली. माझ्या सासऱ्यांनी लावलेला रायवळ आंबा, ज्याच्या कैऱ्या मी पस्तीस वर्षं लोणच्याला उतरवल्या, तो भाऊजींच्या गटात तीन फूट आत निघाला. माझ्या विहिरीवरून येणारी पाइपलाइनही तेवढ्या तुकड्यात त्यांच्या हद्दीतून गेलेली.

मी मोजणीदाराला विचारलं, आता आंब्याचं काय करायचं? तो म्हणाला, ‘मावशी, माझं काम रेघ दाखवायचं.’ बॅग आवरली, जबाबावर सह्या घेतल्या, गेला. त्याची चूक नव्हती. पंच मारुतीच्या देवळात, रेघ रानात, आणि आंबा मधे.

त्या रात्री खुंट्या उपटल्या गेल्या. कोणी उपटल्या ते मी लिहीत नाही, मी पाहिलेलं नाही. आठवड्याभराने भाऊजींनी माझी पाइपलाइन फोडली आणि मी, लाज वाटते सांगायला, आंब्याच्या बुंध्याला तारेचं कुंपण घालून घेतलं. त्यांनी निमताना मोजणी मागितली, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजणी. तीत रेघ तीच आली. तोवर वर्ष उलटलं. मग दावा, मनाई अर्ज, हरकती, तारखा. त्या चार-पाच वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एसटी, झेरॉक्स आणि कोर्टाच्या बाकावर खाल्लेला डबा.

दोन गोष्टी मात्र सांगते, कारण त्या कळायला मला फार उशीर झाला. दोन्ही फुकट होत्या. पहिली, तालुका न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला तिथं मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, बाई असणं पुरतं. मी त्या दरवाजावरून चार वर्षं ये-जा केली आणि पाटी वाचली नाही. दुसरी, भाऊजींनी माझ्या उसाच्या गाडीचा जुना रस्ता अडवला होता. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मी गेले अकराव्या महिन्यात. नवा रस्ता बांधावरून मागायचा तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे, पण मी मागत होते तो जुनाच रस्ता.

२०२२ साली आमचं प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. मी जायलाच तयार नव्हते. देवळातला अनुभव विसरले नव्हते. पॅनेलवर न्यायाधीश आणि एक वकीलबाई होत्या. न्यायाधीशांनी आधी ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मागवली, टेबलावर पसरली, आम्हा दोघांना जवळ बोलावलं आणि भाऊजींना विचारलं, ही रेघ तुम्हाला मान्य आहे का? दोन मोजण्या सारख्याच आल्या होत्या, नाही म्हणायला जागा नव्हती. ते हो म्हणाले. मग वकीलबाई माझ्याकडे वळल्या: ‘आणि आंब्याचं काय करायचं म्हणता?’

सात वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीच विचारत आले होते.

पुढचं सगळं पाऊण तासात ठरलं. बांध रेघेवर, दगड दोघांच्या खर्चाने. आंबा भाऊजींचा, दरवर्षी दोन पाट्या कैरी माझी. पाइपलाइन आहे तिथंच राहील, फुटली तर मी दुरुस्त करायची आणि त्यांनी अडवायचं नाही. बांधाच्या दोन्ही अंगांनी चार-चार फूट सोडून आठ फुटांची वाट, ऊस तुटला की दोघांच्याही गाड्या तिथूनच. लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही, आणि भरलेलं कोर्ट शुल्क परत मिळतं. देवळातल्या कागदाला यातलं काहीच नव्हतं.

आता माझं म्हणणं. लोकअदालतीत जे पाऊण तासात झालं, ते २०१५ च्या त्या फेब्रुवारीच्या संध्याकाळी, चुन्याच्या खुणा ओल्या असतानाच, बांधावर होऊ शकलं असतं. दोघं हजर होते. रेघ समोर होती. दोघंही थोडे खजील होते, आणि माणूस खजील असतो तेव्हाच ऐकतो. नव्हते ते फक्त पंच. मोजणीची नोटीस अर्जदाराला जाते, लगतधारकांना जाते. तिची एक प्रत तंटामुक्त समितीला आणि पोलीस पाटलांना का जाऊ नये? समितीतले दोघं-तिघं त्या दिवशी बांधावर यावेत, त्यात एक तरी बाई असावी. मोजणीदाराने निघण्याआधी नकाशा दोन्ही बाजूंना समजावून सांगावा, नुसत्या सह्या घेऊ नयेत. चुन्याच्या खुणा आणि लाकडी खुंट्या एका रात्रीच्या धनी असतात, म्हणून सर्वांदेखत त्याच दिवशी दगड पुरावेत. रेघेबद्दल पंचांनी बोलायचंच नाही, ती मोजणीची. त्यांनी बोलायचं ते झाड, पाइप, वाट, पाण्याचा चर यांबद्दल. आणि जे ठरेल ते लिहून दाखलपूर्व प्रकरण म्हणून तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीपुढे ठेवायचं, म्हणजे दावा न लावताच त्याला निवाड्याचं बळ येतं. यातलं कार्यालय नवं उघडावं लागत नाही, पद नवं भरावं लागत नाही. सगळी माणसं आहेत. ती वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी बसतात एवढंच.

मोजणीदारांवर आधीच कामाचा ढीग असतो, हे मला माहीत आहे. मी त्यांच्यावर पंचांचं काम लादा म्हणत नाही. त्यांनी अर्धा तास जास्त थांबावं, एवढंच मागते. निमताना मोजणीची एक फेरी वाचली तरी तो अर्धा तास वसूल होतो.

काही वाद तर याहून सोपे असतात. माझ्या माहेरी दोन चुलत भाऊ गेली वीसेक वर्षं एकमेकांच्या नावचं रान कसत आहेत. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात गट पडले तेव्हा कागद एकीकडे आणि नांगर दुसरीकडे गेला. भांडण नाही, पण कर्ज काढायला गेलं की अडतं. अशांसाठी शासनाने २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. ताबा किमान बारा वर्षांचा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार, बस्स. तलाठी आणि मंडळ अधिकारी यांचा पंचनामा लागतो. योजनेची मुदत तहसील कचेरीत विचारून घ्यावी. मी दोघांनाही सांगितलंय. दोघंही म्हणतात, दिवाळीनंतर बघू. कुठल्या दिवाळीनंतर, ते सांगत नाहीत.

एक मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर माझ्या पत्राचा उलटा अर्थ निघेल. मारहाण झाली, बाईच्या अंगावर कोणी गेलं, घर पेटवलं, तर ते बांधावर मिटवायचं नाही. ‘आपसात घ्या’ असं पंचांनी म्हटलं तरी घ्यायचं नाही. तिथं पोलीसच. देवळाच्या सतरंजीवर असली प्रकरणं गुंडाळलेली मी पाहिली आहेत आणि त्या सतरंजीवर तेव्हा मीही बसले होते.

भाऊजींचं आणि माझं आता बरं आहे. फार प्रेम नाही. या मेमध्ये कैरीच्या दोन पाट्या आल्या, एक जरा उणी भरली होती, मी बोलले नाही. येत्या महिन्यात वाडीतल्या एका पोरीच्या शेताची मोजणी लागली आहे, तिचाही नवरा नाही. तिनं मला बांधावर यायला सांगितलंय. तंटामुक्तच्या अध्यक्षांनाही मी निरोप दिलाय, नोटिशीची झेरॉक्स माझ्याच पैशाने काढून त्यांच्या हातात दिली. येतो म्हणालेत. आले तर कळवीन.

माझं नाव-पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. कृपया छापू नये, भाऊजी आपला पेपर घेतात.

आपली,
एक शेतकरी वाचक