वेताळ टेकडीचा पायथा रस्त्यासाठी देऊ नका

मा. संपादक,

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायथ्याने महापालिकेला करायच्या असलेल्या बालभारती ते पौड फाटा या नव्या रस्त्याचा विषय निघाला की दरवेळी एकच ऐकायला मिळतं, टेकडी कुठे जातेय, रस्ता तर पायथ्यानेच जाणार आहे ना, मग एवढा विरोध कशाला. मी रोज सकाळी टेकडीवर जाणारी बाई आहे म्हणून लिहितेय, पायथा म्हणजे काही उरलीसुरली जागा नाहीये हो. पावसाचं पाणी वरच्या खडकाच्या भेगांमधून जिरत जिरत खालीच येतं आणि आपल्या सोसायट्यांच्या बोअरवेलना त्याचा आधार असतो, तिथेच खोदकाम करून काँक्रीट ओतलं तर ते पाणी जाणार कुठे?

आणि झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपं लावू म्हणतात त्याचं तर फार वाईट वाटतं. सालई, मेडशिंगीसारखी झाडं या मुरमाड उतारावर किती सावकाश वाढतात. रातवा पक्षी घरटं बांधतच नाही, पालापाचोळ्यात जमिनीवरच अंडी घालतो, अगदी पायाशी बसलेला असला तरी उडाल्याशिवाय दिसत नाही, त्याला हायवेकडेला लावलेल्या गुलमोहराचा काय उपयोग? वाळलेलं गवत, दगड, झुडपं हे सगळं मिळून टेकडी होते, नुसती झाडं मोजून नाही होत.

हा रस्ता लॉ कॉलेज रोडची कोंडी कमी करायला हवा म्हणतात, तिथे ट्रॅफिक भयंकर आहे हे मान्यच आहे, मी पण त्यात अडकते. पण नव्या रस्त्यावरच्या गाड्या शेवटी पौड फाट्यालाच उतरणार, तिथे आधीच संध्याकाळी गाडी हलत नाही. नळ स्टॉपचा दुमजली पूल 2022 ला सुरू झाला, कोंडी गेली का, चौकातून उचलून पुलाच्या तोंडाशी आली बस. विद्यापीठ चौकातले पूल तर 2020 मध्ये पाडावे लागले. पूल चुकला तर पाडता येतो पण टेकडी एकदा फोडली की फोडलीच.

2023 मध्ये या रस्त्याची घाई झाली तेव्हा महापालिकेत नगरसेवकच नव्हते, मार्च 2022 पासून प्रशासक होते, म्हणजे वॉर्डातल्या माणसाने विचारायचं तरी कुणाला? तरी त्या एप्रिलमध्ये भर उन्हाळ्यात हजारो पुणेकर मोर्चाला आले होते, त्यात आजीआजोबा होते, शाळेतली पोरं होती.

माझी महापालिकेला कळकळीची विनंती आहे की हा रस्ता आणि टेकडीखालून काढायचे ठरवलेले बोगदे दोन्ही विकास आराखड्यातून कायमचे काढून टाका, नुसतं स्थगित नको, स्थगिती कधीही उठते. त्याऐवजी लॉ कॉलेज रोडवर पीएमपीच्या बस वाढवा, मेट्रो स्टेशनपर्यंत छोट्या फीडर बस द्या आणि फुटपाथवरचं पार्किंग उठवा, हे तर उद्यापासून करता येईल.

– एक टेकडीप्रेमी, कोथरूड, पुणे