चि. केतकीस पत्र : रोजच्या रस्त्याची गाडी

नाशिक

चि. केतकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ब्रेझा आणि नेक्सॉन या दोन गाड्यांची तुलना करणारा तुझा तक्ता मिळाला. त्यात सनरूफ आणि स्क्रीनचे इंच तू नीट भरले आहेस. परंतु माझ्या मते ज्या रकान्यावर निर्णय व्हायला हवा, तो गिअरबॉक्सचा रकाना मात्र 'ऑटोमॅटिक : आहे' एवढ्यावरच सोडला आहेस. सकाळी कोथरूडहून हिंजवडीला जाताना तुझी गाडी बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहणार, हे तू माझ्यापेक्षा चांगले जाणतेस.

ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली निरनिराळी यंत्रे विकली जातात. एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स. त्यात क्लच आणि गिअर यांचे काम तेवढे यंत्र करते. तो स्वस्त पडतो, पण गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि बसणाऱ्याची मान पुढे डुलते. डीसीटीमध्ये दोन क्लच असल्याने पुढचा गिअर आधीच तयार असतो आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी फार सुरेख धावते. मात्र इंचाइंचाने सरकताना क्लच सतत अर्धवट लागत-सुटत राहून तापतो. नेक्सॉनच्या डीसीटीत तो तेलात असतो, म्हणून कोरड्या क्लचपेक्षा हा ताप बरा सोसतो. ब्रेझात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्यात इंजिनाची ओढ तेलातून पुढे जाते. त्यामुळे ब्रेकवरचा पाय उचलला की ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी आपणहून हळूच पुढे सरकते. वाकडच्या कोंडीत उजव्या पायाला याहून मोठे सुख नाही.

इंजिनाच्या बाबतीत कागदावर नेक्सॉन पुढे आहे. तिचे 1199 सीसीचे टर्बो, म्हणजे हवा दाबून आत घेणारे, इंजिन 120 पीएस शक्ती आणि 170 एनएम ओढ देते, तर ब्रेझाचे 1462 सीसीचे साधे इंजिन 103 पीएस आणि सुमारे 137 एनएम. चौघे बसून, एसी लावून पूल चढताना ब्रेझाचे पेडल अधिक दाबावे लागेल आणि इंजिनाचा आवाज आत येईल. पण लहान टर्बो इंजिनाचा स्वभाव असा की कमी वेगात आधी किंचित आळस आणि मग एकदम ओढ. पुढे दुचाकींची गर्दी असताना मला साध्या इंजिनाचा सरळपणा अधिक बरा वाटतो.

किमतीचा भाग मात्र ब्रेझाच्या विरोधात जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्यांना 40 टक्के. ब्रेझाची लांबी 3995 मिलिमीटर असली तरी तिचे इंजिन 262 सीसीने मर्यादा ओलांडते, म्हणून ती वरच्या दरात बसते. शिवाय 2018 मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-सुरक्षा चाचणीचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन होती आणि पुढे आपल्याकडच्या भारत एनकॅप चाचणीतही तिने पाच तारे मिळवले. इथे माझे पारडे खरोखरच डळमळते. दोन्ही गाड्यांच्या ऑटोमॅटिक प्रकारांची ऑन-रोड किंमत लेखी माग. फरक तुला झेपणारा असेल तर ब्रेझा घे. नसेल तर नेक्सॉन डीसीटी घे, एएमटी मात्र घेऊ नकोस.

नेक्सॉनच्या डिझेलचा विचार सोड. बीएस-6 या प्रदूषण-नियमांच्या डिझेल गाडीच्या धुरांड्यातला काजळीचा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी बरीच उष्णता लागते आणि शहरातल्या थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत ती पुरेशी मिळत नाही. मायलेजचा जो आकडा तू ठळक केला आहेस, तो तू ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातेस तिला आपले नाव देणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रमाणित चाचणीतला आहे. ती चाचणी रोलरवर ठरलेल्या वेगक्रमाने होते आणि तिथे चांदणी चौक नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चालेल, महिन्याचे पेट्रोल मोजायला नव्हे.

आता पार्किंग. ब्रेझा 1790 मिलिमीटर रुंद आहे, नेक्सॉन त्याहून थोडी अधिक, आणि हे माप बाजूचे आरसे सोडून आहे. तुमच्या सोसायटीतील दोन खांबांमधले अंतर अडीच मीटर धरले, तर गाडी अगदी मधोमध लावूनही प्रत्येक बाजूला जेमतेम पस्तीस सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात दार उघडून लॅपटॉपची बॅग घेऊन उतरता येते का, हे टेप लावून आधी पाहा. उंच बसल्यामुळे दूरचे छान दिसते, परंतु बॉनेटला खेटून उभे असलेले लहान मूल आणि पुढच्या काचेच्या डाव्या खांबाआड येणारी स्कूटी दिसत नाही. शोरूममध्ये सीटवर बसून एखाद्याला गाडीभोवती फिरायला सांग आणि तो कुठे कुठे दिसेनासा होतो ते बघ.

उंचीचा खरा लाभ आजीला आहे. गुडघ्यांमुळे तिला खाली वाकून बसता येत नाही आणि पायरी चढल्यासारखे चढताही येत नाही, म्हणून सीट तिच्या कमरेच्या पातळीवर असायला हवी. मी शनिवारी तिला घेऊन येते. टेस्ट ड्राइव्हची वेळ दुपारची देतील, ती नको म्हण; सोमवारी सकाळी नऊची माग, दोन्ही गाड्या तुझ्याच रस्त्यावर चालव आणि आजीला मागच्या सीटवर बसव. तोपर्यंत बुकिंगची रक्कम भरू नकोस.

तुझी,
आई