‘इतर कलाकारांनी योग्य साथ दिली’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या अमेरिकी वेस्टर्न (घोडे, पिस्तुलं आणि काउबॉयवाल्या) टीव्ही मालिकांवरचा लेख इथे फोर्ट वर्थला, मुलीच्या घरी बसून मोबाइलवर वाचला. ‘गनस्मोक’चा जेम्स आर्नेस, ‘बोनान्झा’तलं कार्टराइट कुटुंब, ‘रॉहाइड’मधला कोवळा क्लिंट ईस्टवुड, सगळे आले. आणि शेवटी एक ओळ: ‘इतर कलाकारांनीही योग्य साथ दिली.’ या ओळीशी माझी जुनी ओळख आहे. राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर मी बरीच वर्षं मिशी बदलून हवालदार, पोस्टमन आणि डॉक्टर उभे केले. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात मी कायम त्या ‘इतर’मध्ये. तेव्हा हे पत्र माझ्या जातभाईंच्या वतीने समजावं.

‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली. ६३५ भाग झाले. आता विचार करा, मालिकेचा नायक, म्हणजे डॉज सिटी गावचा मार्शल (पोलीस अधिकारी) डिलन, त्याला मरायची सोय नाही, लग्न करायची नाही, गाव सोडायचीही नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा त्याच रस्त्यावर उभं राहायचंय. मग गोष्टीत जे काही घडायचं ते घडणार कुणाला? त्या भागापुरत्या आलेल्या पाहुण्या पात्राला! दारूत बुडालेला डॉक्टर तो, पोराच्या खुन्याचा माग काढत आलेला बाप तो, फासावर जाणाराही तोच. मार्शल बघतो, गोळी झाडतो आणि टोपी सारखी करून निघून जातो. ‘वॅगन ट्रेन’ या दुसऱ्या मालिकावाल्यांनी तर हे उघडच मान्य केलं होतं. त्यांच्या बहुतेक भागांची नावंच पाहुण्या पात्राची. १९५७ सालचा पहिला भाग ‘द विली मोरान स्टोरी’. तो विली म्हणजे अर्नेस्ट बोर्गनाइन, ज्याच्या घरी आदल्याच वर्षी ऑस्करची बाहुली आली होती.

आपल्याकडे ‘पाहुणा कलाकार’ म्हटलं की एखादा बडा नट गाडीतून उतरतो, दोन मिनिटं हसतो, टाळ्या घेतो. तिकडचा पाहुणा हा रोजंदारीचा माणूस. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै’ म्हणतात, पण ही मंडळी दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंतच राहायची नाहीत. शिवाय त्या काळच्या करारांत पुनःप्रसारणाचे पैसे ठरावीक खेपांपुरतेच मिळायचे. आज त्यांचे चेहरे रोज दुपारी घरोघरी दिसतात, ते फुकटात.

दुपारी मुलगी-जावई कामावर, नात शाळेत. मी आणि सौ. खाली इंग्रजी अक्षरं लावून हे भाग बघतो. पहिल्याच आठवड्यात सौ. म्हणाली, “अहो, हा परवा फासावर गेला होता ना? आज पाद्री होऊन आलाय!” तिथून आमचा नाद सुरू झाला. नावं माहीत नव्हती तोवर आम्हीच ठेवली. एक ‘तिरळ्या’, एक ‘कुरकुऱ्या’, एक ‘भुवयावाला’.

तिरळ्या म्हणजे जॅक इलम. लहानपणी एका पोरानं डाव्या डोळ्यात पेन्सिल खुपसली आणि तो डोळा कायमचा भरकटला. सिनेमात यायच्या आधी हा गृहस्थ हिशेब तपासायचा. आकडे बघून उरलेला डोळाही जाईल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्यानं वह्या मिटल्या. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस सख्खा वाटला नाही तरच नवल. त्याची युक्ती बघा. चांगला डोळा समोरच्यावर रोखलेला, दुसरा भलतीकडे, त्यामुळे हा हसतोय की पिस्तूल काढणार आहे ते समोरच्याला कळतच नाही. आपल्यालाही नाही. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेनं १९६८ साली ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’च्या सुरुवातीला या चेहऱ्यावर नुसती एक माशी बसवली आणि कॅमेरा तिथेच रेंगाळू दिला. दाढीवरून ओठावर, ओठावरून गालावर. संवाद शून्य.

भुवयावाला म्हणजे मॉर्गन वुडवर्ड, जन्मानं याच फोर्ट वर्थचा. ‘गनस्मोक’मध्ये पाहुणा म्हणून हा १९ वेळा आला. इतक्या वेळा दुसरा कुणी आला नाही. ‘कूल हँड ल्यूक’मध्ये (१९६७) आरशासारख्या काळ्या चष्म्याचा पहारेकरी आहे ना, तो हाच. अख्ख्या चित्रपटात एक शब्द बोलत नाही. त्याच तुरुंगाचा पिचक्या आवाजाचा कॅप्टन म्हणजे आमचा कुरकुऱ्या, स्ट्रोथर मार्टिन.

बायकांमध्ये जेनेट नोलन. १९४८ साली ऑर्सन वेल्सच्या ‘मॅकबेथ’ चित्रपटातली लेडी मॅकबेथ. तीच बाई ‘गनस्मोक’मध्ये भंगार गोळा करणारी फटकळ म्हातारी झाली आणि अशी रंगली, की १९७४ साली ‘डर्टी सॅली’ नावाची वेगळी मालिकाच तिच्यासाठी काढावी लागली. बेटी डेव्हिसची गोष्ट आणखी निराळी. दोन ऑस्करं पदरी असताना १९६२ साली या बाईनं ‘काम हवं आहे’ अशी जाहिरात दिली होती. निम्मी थट्टा असेल, निम्मी नसेल. १९६६ मध्ये ‘गनस्मोक’च्या एका भागात ती मार्शलनं नवऱ्याला फासावर चढवल्याचा सूड घ्यायला उठलेली विधवा झाली. पोरांच्या भूमिकांत ब्रूस डर्न आणि टॉम स्केरिट. आरडाओरडा नाही. ती नुसती बघते आणि ते थोराड पोरगे माना खाली घालतात.

पुढे मोठे झालेले लेनर्ड निमॉय, हॅरिसन फोर्डही याच दारातून गेले. त्यांचं कौतुक करायला जग आहे, म्हणून मी थांबत नाही. एक मात्र खटकतं. मूळ अमेरिकी लोकांच्या भूमिका सर्रास दुसऱ्यांना मिळत. निमॉयनंही त्या केल्या, आणि ‘ब्रोकन ॲरो’ मालिकेतला अपाची सरदार कोचीस झाला होता सीरियात जन्मलेला मायकल अन्सारा. म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीतही घरच्यांना पाट नाही.

पुढच्या पुरवणीत जागा असेल तर जॅक इलमचा एक फोटो छापावा, खाली नाव घालून. नायकांचे आहेतच.

आणखी लिहिणार होतो, पण सौ. बाहेरून हाक मारतेय, “अहो, भुवयावाला आलाय! आज चांगल्यातला दिसतोय.” फार वेळ टिकायचा नाही, तेव्हा जातो.

आपला,
एक वाचक, सांगली
(सध्या मुक्काम फोर्ट वर्थ, टेक्सस)